घर आणि कायदा : मैदानी फटफटी आणि तिची नोंदणी

गेल्या महिन्याच्या टपालांत एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. घर एकत्र, आजोबा, तिघे भाऊ, त्यांच्या बायका व मुलें अशीं चौदा माणसें एका छपराखालीं नांदतात. धाकट्या पुतण्यास, वय वर्षें वीस, मोटारसायकलच्या शर्यतींचा नाद लागला आहे. त्यानें दोन वर्षें शिकवण्या करून पैसे सांठविले आणि आतां चिखलमातींत धांवणारी परदेशी बनावटीची एक जुनी फटफटी विकत घ्यावयाची म्हणतो. विकणारा सांगतो, "दिवे, आरसे आणि हॉर्न बसवून घ्या, पासिंग सहज होईल." घरांतील सर्व वाहनें आजोबांच्या नांवें आहेत, तेव्हां हीहि त्यांच्याच नांवें घ्यावी, असा विचार चालला आहे. पत्रलेखक विचारतात : हें कायद्यास धरून आहे काय? आणि नसेल, तर मुलाचें मन न मोडतां त्यास कसें समजवावें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : नाहीं. परंतु नुसत्या नकारानें विशींतल्या मुलाचें समाधान होत नाहीं, व होऊंहि नये. कारण समजून घेण्याचा त्यास अधिकार आहे.

मैदानी फटफटी म्हणजे काय, तें आधीं पाहूं. कावासाकीच्या केएक्स मालिकेंतील गाड्या हा तिचा चांगला नमुना होय. ही गाडी मातीच्या बंदिस्त मार्गावर शर्यत खेळण्याकरितांच घडविलेली असते. वजन शंभर ते सव्वाशे किलोच्या आसपास; आसन जमिनीपासून सुमारें ९५ सेंटिमीटर उंच; उड्यांचा हादरा सोसावा म्हणून चाकांस जवळजवळ ३० सेंटिमीटर खालींवर होण्यास वाव. पुढें दिवा नाहीं, मागें दिवा नाहीं. आरसा, हॉर्न, वेगमापक कांहीं नाहीं. टायरांवर मोठाल्या गांठी असतात. त्या चिखलांत रुतून पकड देतात. पण डांबरावर त्यांचे शेंडेच काय ते टेंकतात, म्हणून ओल्या सडकेवर गाडी घसरण्याचें भय अधिक. इंजिनाची देखभाल किलोमीटरांवर नव्हे, तर चाललेल्या तासांवर मोजतात. मागें बसावयास तर जागाच नसते. अशी ही गाडी आपल्या जागीं उत्तमच आहे. मात्र समोरून कोणी अनोळखी मनुष्य येईल, ही कल्पनाच तिच्या घडणींत नाहीं.

आपल्याकडे मोटारींविषयींचा पहिला अखिल देशाचा कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं. आज चालू असलेला १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्याचें ३९ वें कलम सांगतें कीं, नोंदणीवांचून कोणीं वाहन चालवूं नये, व मालकानें तें चालवूं देऊं नये. यांतील दुसरा भाग घरच्या वडीलधाऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. कारखान्याच्या किंवा अन्य बंदिस्त आवारांतच वापरावयाच्या खास वाहनांस मात्र कायद्यानें मोटार वाहनांच्या व्याख्येंतूनच वगळलें आहे. शर्यतीची गाडी कुंपणाच्या आंत आहे तोंवर निर्वेध असते, ती याच न्यायानें.

आतां नोंदणी कशी होते तें पाहूं. पुस्तकावर क्रमांक एका गाडीचा चढतो. पण तिच्यामागें त्या जातीच्या नमुन्याची परीक्षा झालेली असते. पुण्याच्या वाचकांस वेताळ टेकडीवरील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था ठाऊक असेल. अशा नेमून दिलेल्या संस्थांत कारखानदारानें वा आयात करणारानें नमुना आणून ब्रेक, दिवे, आवाज, धूर इत्यादिकांची परीक्षा द्यावयाची असते. १ एप्रिल २०२० पासून धुराची मर्यादा 'भारत स्टेज सहा' या कडक प्रमाणाची झाली आहे. नमुना उतरला म्हणजे कारखानदार प्रत्येक गाडीबरोबर 'नमुना २२' हा दाखला देतो, विक्रेता 'नमुना २१' हा विक्रीचा दाखला देतो, आणि ते दोन्ही जोडून मालक 'नमुना २०' वर अर्ज करितो. मैदानी फटफटीस हा २२ क्रमांकाचा दाखला मिळालेलाच नसतो. दिवे बाजारांत मिळतात. हा दाखला बाजारांत मिळत नाहीं.

आमच्या भगिनींस एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मोटारसायकलच्या मागें बसणाऱ्यास धरावयास मूठ, पाय ठेवावयास पायठेवणी, आणि वस्त्र चाकांत गुंतूं नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण असावें, असा केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम आहे. ज्यास आपण 'साडीगार्ड' म्हणतों, तें याच नियमाचें फळ. मागें बसलेल्या बाईच्या पदराचा विचार करणारे हे नियम निव्वळ कागदी छळ आहेत, असें कोण म्हणेल?

मग विकणारा निखालस खोटें बोलतो काय? कदाचित् तो परदेशची गोष्ट येथें लावीत असेल. अमेरिकेंत वाहननोंदणी हा एकेका राज्याचा कारभार आहे. ॲरिझोनासारख्या राज्यांत मैदानी फटफटीवर दिवे, आरसा, हॉर्न, सडकेचे टायर इत्यादि ठरलेलें साहित्य बसवून तिची सडकेसाठीं नोंदणी करितां येते. उलट कॅलिफोर्नियांत कारखान्यानें लावलेली धुराची पट्टीच मैदानी वापराची असेल, तर नुसते दिवे लावून काम भागत नाहीं. ज्यांचीं मुलें तिकडे शिकावयास आहेत, त्यांनीं आपापल्या राज्याचा नियम पाहावा. शेजारच्या राज्याचाहि उपयोगाचा नाहीं. आणि येथल्या मुलानें तिकडील चित्रफिती पाहून येथें पाने हातीं घेऊं नयेत.

येथील नियम उलट दिशेचा आहे. ५२ व्या कलमाप्रमाणें कारखानदारानें मूळ ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलांशीं विसंगत असा फेरफार मालकास करितां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. हिरो कंपनीच्या 'एक्सपल्स २००' या गाडीचें उदाहरण बोधप्रद आहे. ही गाडी २०१९ सालीं बाजारांत आली. पुढें तिच्यासाठीं शर्यतीचें जादा साहित्य मिळूं लागलें; पण तें बसविलेली गाडी सडकेवर चालेना. २०२२ सालीं कंपनीनें तशाच धर्तीचें साहित्य कारखान्यांतच बसवून, मंजुरी घेऊन, गाडीची निराळी आवृत्ति काढिली. ती मात्र रीतसर नोंदली जाऊं लागली. साहित्य जवळजवळ तेंच; भेद इतकाच कीं, एकदां त्याची जबाबदारी कोणीं घेतली नव्हती, दुसऱ्यांदा घेतली.

पुतण्या म्हणेल, "सांपडलों तर दंड भरूं." नोंदणीवांचून चालविल्याचा पहिला दंड २,००० ते ५,००० रुपये आहे, तो शिकवण्यांच्या पैशांतूनहि भरतां येईल. पण नोंदणी नाहीं म्हणून विमा नाहीं, आणि खरें संकट येथें आहे. या गाडीच्या धक्क्यानें एखाद्या घरचा कर्ता पुरुष दगावला, तर न्यायाधिकरण त्याचें वय, त्याची मिळकत व त्याजवर अवलंबून असलेलीं माणसें पाहून भरपाई ठरवितें. ती लाखोंच्या घरांत सहज जाते. विमा असेल तर विमा कंपनी ती देते. नसेल तर चालविणारा व मालक यांच्यावर ती पडते. रक्कम न भरल्यास १७४ व्या कलमाप्रमाणें जिल्हाधिकारी ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करितो, म्हणजे स्थावरावर जप्ति येऊं शकते. आजोबांच्या नांवें गाडीची पावती आणि आजोबांच्याच नांवें घर, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे नातवाची हौस चौदा माणसांच्या छपरापर्यंत पोंचते.

आणखी एक धोका एकत्र घराचा खास आहे. आपल्याकडे साऱ्या किल्ल्या एका खुंटीवर असतात. पुतण्याची गाडी उद्यां सोळा वर्षांचा चुलतभाऊ घेऊन गेला व त्याचे हातून अपराध घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनें पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. आणि त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाहीं.

गाडीवरील क्रमांक ही सरकारनें कर घेण्यासाठीं मारलेली खूण, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तो आपण अनोळखी लोकांस दिलेला शब्द आहे : 'मी कोण तें तुम्हांस शोधतां येईल, आणि माझ्या हातून तुमचें नुकसान झालें तर भरून मिळेल.' ज्या वाहनास असा शब्द देतां येत नाहीं, त्यानें लोकांच्या वाटेवर येऊं नये. पुतण्यास सांगावयाचें तें एवढेंच, आणि विचारी मुलास तें पटतें.

आतां दुसरा प्रश्न. मुलाची हौस वाईट नाहीं. तिला योग्य जागा हवी. २०२४ च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत मातीच्या मार्गावर मोटारसायकलच्या मोठ्या शर्यती झाल्या, त्या हजारोंनीं पाहिल्या. अशा बंदिस्त मार्गावर, तज्ज्ञ शिक्षकाच्या देखरेखीखालीं, शिरस्त्राण व छातीचें कवच घालून त्यानें शिकावें; गाडी तेथें टेंपोंतून न्यावी. टेकडी, नदीचें पात्र, कोंकणचा समुद्रकांठ हीं मात्र मोकळीं मैदानें समजूं नयेत. जेथें लोकांस जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती जागा कायद्याच्या दृष्टीनें सार्वजनिकच असते.

सडकेवरूनहि जावयाचें आणि डोंगरवाटहि चढावयाची असेल, तर दोन्हींसाठीं मंजूर झालेल्या गाड्या आहेत. वर सांगितलेली एक्सपल्स आहे, २०१६ सालीं आलेली रॉयल एन्फील्डची हिमालयन आहे. जुनी घ्यावयाची झाल्यास पैसे देण्यापूर्वीं नोंदणीपुस्तक मागावें, आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक त्यांतील क्रमांकाशीं एकेक अक्षर लावून पाहावा. दुसऱ्या गाडीची पट्टी लावून देणारा विक्रेता भेटल्यास तेथून उठावें. तो फौजदारी गुन्हा आहे.

शेवटीं एक सूचना. मुलगा वीस वर्षांचा, म्हणजे सज्ञान आहे. गाडी त्याच्याच नांवें घ्यावी, विमाहि त्यानेंच उतरवावा, आणि दर वर्षीं त्याची मुदत संपण्याआधीं तारीख त्यानेंच घरांत सांगावी. मोठ्यांनीं सारें आपल्या नांवावर घेतल्यानें मुलें सुरक्षित होत नाहींत. तीं बेफिकीर होतात.

पुढील महिन्यांत, वाहन विकल्यावर जुन्या मालकाचें नांव पुस्तकावर तसेंच राहिल्यास काय होतें, याविषयीं लिहूं.