मुकी डबी

गेल्या स्नेहसंमेलनास आठ दिवस उरले असतां आमचा एक विद्यार्थी हातरुमालांत गुंडाळलेली एक पत्र्याची डबी घेऊन आमच्याकडे आला. विद्युत् गिटारचा स्वर मुद्दाम घोगरा व फाटका करण्यासाठीं वाजविणारे जें यंत्र पायानें दाबतात, व ज्यास त्यामुळेंच पेडल असें नांव पडलें आहे, तें त्यानें घरीं स्वतः बांधलें होतें. कांहीं सामान अमरावतींत मिळालें, कांहीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणा नातलगाकरवीं आणविलें. डबीवरचा दिवा लागत होता. आवाज मात्र मुळींच निघत नव्हता. वडिलांनीं सांगितलें होतें, "पैसे गेले ते गेले, आतां अभ्यासाला लाग."

वडिलांचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षा जवळ आली होती, आणि कष्टाचा पैसा कोणासही जड असतो. तथापि डबी मुकी निघाली कीं अभ्यास संपला असें मानण्यांत पालकांची व, खरें बोलावयाचें तर, आम्हां शिक्षकांचीही चूक होते. आमच्या मतें तो त्याच क्षणीं सुरू झाला होता.

मुलानें तोंपर्यंत काय केलें होतें? एक ट्रान्झिस्टर काढून दुसरा बसविला. आवाज येईना म्हणून तिसरा बसविला. प्रत्येक वेळीं डाख वितळवून पाय उपसले, आणि शेवटच्या खेपेस उष्णतेनें पाटीवरील तांब्याचा एक ठिपकाच उखडून आला. म्हणजे मूळचा दोष राहिला तो राहिलाच, वर त्यास एक नवा सोबती मिळाला. कशानें बिघडलें हें न विचारतां काय बदलूं हें विचारलें कीं असेंच व्हावयाचें.

वास्तविक आपल्या वऱ्हाडांत हें शास्त्र कोणास शिकवावें लागूं नये. ओलिताच्या विहिरीवर मोटार चालते आहे, पण शेवटच्या वाफ्यांत पाणी पोंचत नाहीं, अशा वेळीं वरुड-मोर्शीकडील संत्र्याचा बागायतदार नवी मोटार आणावयास धांवत नाहीं. नळाच्या तोंडाशीं पाणी पडतें कीं नाहीं तें तो आधीं पाहतो. पडत नसेल तर दोष मोटारीकडे किंवा फूटव्हॉल्व्हकडे. पडत असेल तर तो दांडाच्या कडेनें चालत निघतो, आणि जेथें दांड कोरडा लागतो त्याच्या लगत मागें त्यास फूट सांपडते. गिटारचा स्वरही डबींतून असाच एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे वाहत जातो.

आम्ही प्रथम गिटारची तार डबी वगळून सरळ ध्वनिवर्धकास जोडली. आवाज आला, म्हणजे गिटार, तार व ध्वनिवर्धक तिन्ही शाबूत. मग डबी मध्यें घेऊन पायाची कळ दाबली. ह्या जातीच्या कळीस दोन स्थिति असतात: एकींत स्वर यंत्रांतून फिरून जातो, दुसरींत यंत्रास न शिवतां सरळ पार होतो. आमच्या डबींतून तो सरळ वाटेनेंही जाईना. ह्या एका परीक्षेनें अर्धें काम झालें, कारण त्या वाटेवर ट्रान्झिस्टर नसतोच. झांकण उघडून आंतील जॅक जरा बाजूस सारतांच स्वर खणखणीत पार झाला. झांकण लावतांच पुन्हां शांत! बाहेर जाणाऱ्या जॅकचें पितळी टोंक पत्र्याच्या भिंतीस टेकत होतें, आणि ती भिंत बॅटरीच्या ऋण टोंकास जोडलेली. सगळा स्वर दांड फुटून नाल्यांत जावा तसा तिकडे जात होता. जाड कागदाची एक पट्टी मध्यें घालून हा दोष मिटला. त्या बिचाऱ्या ट्रान्झिस्टरांस उगाच शिक्षा झाली होती.

परंतु कळ दुसऱ्या स्थितींत नेली कीं डबी अजूनही मुकीच राही. आतां आम्ही ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर तारेच्या टोंकास जोडून ती तार ध्वनिवर्धकास लावली. कपॅसिटर बॅटरीचा स्थिर दाब अडवतो व स्वर तेवढा पुढें सोडतो. मुलगा गिटार छेडूं लागला आणि आम्ही त्या टोंकानें पाटीवरील एकेक सांधा शिवत निघालों. पहिल्या सांध्यावर स्वर, दुसऱ्यावर स्वर, तिसऱ्यावर शांतता. उखडलेला ठिपका तोच! तेथें बारीक तार जोडल्यावर आवाज आला, पण अगदीं क्षीण. तेव्हां मुलानें स्वतःच नकाशा पुन्हां वाचला. नकाशांत २एन३९०४ ह्या जातीचा ट्रान्झिस्टर होता. त्यानें आपल्याकडे सहज मिळणारा बीसी५४७ घातला होता. दोघांची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खालीं धरले तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात, दुसऱ्याचे नेमके उलट. रूप एक, पायांचा क्रम वेगळा. (ही हातानें चांचपण्याची रीत नऊ व्होल्टच्या बॅटरीपुरतीच आहे, घरच्या विजेवर चालणाऱ्या उघड्या यंत्रास मुलांनीं हात लावूं नये. डाखांत बहुधा शिसें असतें, म्हणून काम झाल्यावर हात धुतल्यावांचून जेवावयास बसूं नये, हेंही मातांनीं पाहावें.)

गंमत अशी कीं हा घोगरा स्वरच मुळीं एका बिघाडांतून जन्मास आला. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स ह्यांच्या, १९६१ सालीं गाजलेल्या 'डोन्ट वरी' ह्या गाण्याचें ध्वनिमुद्रण चालू असतां मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडला व ग्रेडी मार्टिन ह्यांच्या गिटारचा आवाज फाटका उमटला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी ह्यांनीं त्या बिघाडाचा पाठपुरावा केला आणि तोच परिणाम ट्रान्झिस्टरांनीं मुद्दाम घडवून आणला. १९६२ सालीं तें पेडल मेस्ट्रो फझ-टोन ह्या नांवानें बाजारांत आलें.

आमच्या प्रयोगशाळांत मात्र बिघाडास जागाच नाहीं. ओहमच्या नियमाचा प्रयोग असो कीं लोलकाचा, प्रत्येक प्रयोगवहींत उत्तर बरोबर येतें. ज्याचें येत नाहीं तो शेजाऱ्याचे आंकडे उतरून घेतो, आणि आम्ही तांबड्या शाईनें बरोबरची खूण करतों. गुण मिळतात ते आंकड्यास. तार कोठें सैल होती हें ज्यानें तासभर शोधलें त्याचा प्रयोग 'अपुरा' ठरतो. हें आमच्याच हातून वर्षानुवर्षें घडत आलें आहे, म्हणून लिहितों.

डबी बोलूं लागली ती संमेलन उरकल्यावर दोन दिवसांनीं. तो आवाज कानास गोड होता असें म्हणवत नाहीं. मुलास न्यावयास आलेले वडील स्वतः शेतकरी; दांडाचा दाखला ऐकून ते हंसले व कागदाची ती पट्टी त्यांनीं दोनदां काढून, दोनदां घालून पाहिली.

येत्या विज्ञानप्रदर्शनांत चालणाऱ्या यंत्रांशेजारीं एक मेज न चालणाऱ्या यंत्रांसाठीं राखून ठेवावें, व त्यावरील प्रत्येक वस्तूजवळ कोणता दोष कोणत्या क्रमानें शोधला ह्याची वही असावी, अशी आमची मुख्याध्यापकांस विनंती आहे. वहीसही गुण द्यावेत. घरीं कपाटावर पडलेली मुकी रेडिओ, बंद घड्याळें किंवा अशी एखादी डबी असल्यास पालकांनीं ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकवार मुलामुलींच्या हातीं द्यावी.