सही करण्याआधी कागद वाचता यायला हवा

'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२३' या पाहणीत मोजपट्टीचा एक प्रश्न होता. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना पट्टीला लावलेल्या वस्तूची लांबी सांगायची होती. वस्तूचे टोक शून्यावर होते तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांचे उत्तर बरोबर आले. टोक शून्यावरून पुढे सरकवले, तेव्हा बरोबर उत्तर देणारे ३९ टक्केच निघाले.

दुसऱ्या प्रश्नात अवघड काय होते? शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा आकडा वजा करायचा, एवढेच. ही वजाबाकी प्राथमिक शाळेतच शिकून होते. पण हे वजाबाकीचे गणित आहे, असे त्या प्रश्नात कुठे लिहिले नव्हते. ते मुलांनी ओळखायचे होते आणि तिथेच निम्म्याहून जास्त मुले अडली. शाळा मुलांना जगण्यासाठी तयार करते का, या चर्चेचे मर्म मला या दोन आकड्यांत दिसते. आपल्या शाळा मुलांना शून्यापासून मोजायला शिकवतात. आयुष्यात मात्र फार थोड्या गोष्टी शून्यावर ठेवलेल्या मिळतात.

निकालाच्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: शाळेने प्रमेये पाठ करून घेतली, पण कर कसा भरायचा, पैसे कुठे गुंतवायचे, हे काही शिकवले नाही. असे म्हणणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांतली बालभारतीची पुस्तके उघडून पाहावीत. नववीच्या गणितात 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे, त्यात आयकराची आकारणी आहे. दहावीत त्याच नावाच्या प्रकरणात जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड आणि एसआयपी आहेत. विज्ञानात फ्यूज आणि घरातली वीजजोडणी आहे, सामाजिक आरोग्य आहे, आपत्ती व्यवस्थापन आहे. मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्र, जाहिरात, बातमी असे उपयोजित लेखन आहे. श्रेणी विषयांत जलसुरक्षाही आली. म्हणूनच 'जीवनकौशल्ये' नावाचा आणखी एक तास वेळापत्रकात घाला, ही मागणी मला पटत नाही. विषय पुरेसे आहेत. ते शिकवण्याची आणि तपासण्याची रीत बदलायला हवी.

आज ती रीत अशी आहे: प्रकरणाच्या नावावरूनच कोणते सूत्र लागणार ते कळते. लागणारे सगळे आकडे उदाहरणात दिलेले असतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. उत्तर एकच आणि तेही पुस्तकाच्या शेवटी छापलेले. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून हात इतका बसतो की उदाहरण वाचून व्हायच्या आत सूत्र लिहून झालेले असते. पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि मूल गणितात हुशार ठरते.

हेच मूल दोन-तीन वर्षांनी मोबाईलच्या दुकानात उभे असते. बारा हजारांचा फोन, वर्षाला १२ टक्के व्याज, बारा हप्ते. दुकानदार कॅल्क्युलेटरवर दाखवतो: व्याज १,४४० रुपये, एकूण १३,४४०, महिन्याला १,१२०. मुलाला हे गणित ओळखीचे वाटते, कारण सरळव्याजाचे सूत्र हेच सांगते. आकडे जुळतात, तो सही करतो. पण शाळेतल्या उदाहरणात सगळे मुद्दल वर्षभर आपल्याकडे असते. इथे पहिल्या महिन्यापासून ते परत जाऊ लागते. सहाव्या हप्त्यानंतर जवळपास निम्मे फिटलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर वर्षभराचे लावलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. वर प्रक्रिया शुल्क आणि हप्ता चुकला तर दंड असतो तो वेगळाच. सूत्र बरोबर लावूनही मूल फसते, कारण ते सूत्र इथे लागू आहे का, हा प्रश्न त्याला शाळेत कधी पडूच दिला नव्हता.

'असर'च्या त्याच पाहणीत किमान वजाबाकी येणाऱ्या मुलांना पैशांचे व्यवहार दिले होते. ठरलेल्या रकमेत खर्च बसवणे ६० टक्क्यांहून जास्त जणांना जमले. सवलतीनंतरची किंमत सुमारे ३७ टक्क्यांना काढता आली. कर्जाची परतफेड किती होईल हे सांगणारे जेमतेम १० टक्के होते. आणि पाहणीतल्या ८६.८ टक्के मुलांचे नाव कुठल्या ना कुठल्या शाळा-महाविद्यालयाच्या पटावर होते.

महाराष्ट्राला हे दुखणे नवे नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. ज्या रोख्यांवर आपली निशाणी आहे त्यांत काय लिहिले आहे, हे त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याची यादी त्यात आहे: मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही धडे. मोडीचा आग्रह का, हे त्या काळचा व्यवहार पाहिला की कळते. रोखा, खतावणी, दप्तर सगळे मोडीत लिहिले जाई. समोर ठेवलेला कागद स्वतः वाचणारा, हिशेब करून पाहणारा आणि मगच सही करणारा शेतकरी त्या यादीतून घडला असता. शाळेने मुलाला आयुष्यासाठी तयार केले की नाही हे पाहायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. आज कागद मोबाईलच्या पडद्यावर येतो आणि सहीऐवजी बोट टेकवायचे असते. भाडेकरार असो, विम्याची पॉलिसी असो, नेमणुकीचे पत्र असो, कसोटी तीच राहते.

या कसोटीला उतरेल असे शिक्षण आपल्या मातीत घडून गेले आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. सूत कातताना गणित, कापूस पिकवताना शेती आणि भूगोल, अशी ती समवाय पद्धत होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तो कार्यानुभव शाळांत आला, पण श्रेणीचा विषय म्हणून. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की त्याच तासाचा बळी जाऊ लागला. वर्षाच्या शेवटी कागदी फुले, मेणबत्त्या आणि शुभेच्छापत्रे जमा होतात. त्यातली कितीतरी आईने रात्री बसून केलेली असतात किंवा दुकानातून आणलेली असतात, आणि वहीत श्रेणी पडते.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हा पोकळपणा टाळून. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून ते खेड्यात आले. तिथे आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्याचा एक दिवस हातांनी काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाक. महत्त्वाचे असे की काम खऱ्या माणसासाठी असते. बाक दुरुस्त करायचा, माती तपासून द्यायची, तर आधी आराखडा काढायचा, साहित्य आणि मजुरी धरून खर्च मांडायचा. माप चुकले तर वस्तू बसत नाही आणि समोरचा माणूस ते तोंडावर सांगतो. लाल पेनाच्या फुलीपेक्षा ही चूक मुलाला जास्त शिकवते.

यासाठी प्रत्येक शाळेत कार्यशाळा हवी असेही नाही. मागच्या पावसाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात बसलो होतो. बाईंनी मुलांना घरचे लाईट बिल आणायला सांगितले होते. एका मुलीकडचे १०५ युनिटांचे, तिच्या शेजारणीचे २१०. "युनिट दुप्पट, मग बिल पण दुप्पट," एकमान पद्धतीने वर्गाने एका सुरात उत्तर दिले. "काढून बघा की," बाई म्हणाल्या. बिल दुपटीहून बरेच जास्त निघाले. मग शोधाशोध सुरू झाली. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा. त्याशिवाय स्थिर आकार, वहन आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क कशाकशावर लावायचे यावरून दोन गटांत चांगलीच जुंपली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे वीज वाचवली तर महागातली वाचते!" टप्प्याटप्प्याच्या दराचे सगळे सार त्याने एका वाक्यात सांगितले. आयकरही याच तत्त्वावर चालतो. पगार वाढून वरच्या टप्प्यात गेलो तर सगळ्याच उत्पन्नाला चढा दर लागेल, ही भीती पदवीधरांतही आढळते. तो मुलगा त्या भीतीतून सातवीतच सुटला. या तासाला पुस्तकाबाहेरचे गणित लागले नाही. लागले ते घरातले बिल, आणि मुलांना चुकू देण्याएवढा वेळ.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे. 'खऱ्या आयुष्याचे शिक्षण' म्हणताना ते कोणाच्या आयुष्याचे? १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. हे जातीचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे आहे, म्हणून प्रचंड विरोध झाला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी योजना गुंडाळली. तो विरोध योग्यच होता. आमच्या मुलाला हातोडी नको, इंग्रजी शिकवा, असे मजुरी करणारा बाप सांगतो तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. म्हणून हातकाम द्यायचे तर ते सगळ्यांना द्यावे, शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलालाही. आणि त्याच्या बदल्यात भाषा, गणित, विज्ञान यातले काही कापू नये. गरिबाच्या मुलाला 'व्यवहार' आणि श्रीमंताच्या मुलाला 'ज्ञान', अशी वाटणी मला मान्य नाही.

बदल कुठून होईल? परीक्षेपासून, कारण शाळा परीक्षेच्या मागे चालते. दहावीच्या तोंडी परीक्षेचा इतिहास पाहा. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी परीक्षेसह अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले आणि निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, आणि इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडत होती, हेही खरे. पण मुलाला चार माणसांपुढे उभे राहून नीट बोलता येते का, हे त्या २० गुणांनी खरोखर तपासावे, याचा विचार गुण काढताना झाला नाही आणि परत देतानाही झाला नाही. शेजारच्या शाळेतले शिक्षक परीक्षक म्हणून बोलवले तरी ही परीक्षा बरीच खरी होईल.

लेखी परीक्षेत प्रत्येक पेपराला दहा गुणांचा एक प्रश्न असा असावा की जो आपले प्रकरण सांगणार नाही. गणितात कर्जाची दोन माहितीपत्रके द्यावीत, त्यांत नको असलेले आकडेही असावेत, आणि कोणते कर्ज घ्याल व का, ते विचारावे. मराठीत भाडेकरार द्यावा आणि भाडेकरूला अडचणीत आणणारे कलम शोधायला सांगावे. पुस्तक उघडून सोडवू द्यावे, हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्याची तरतूद आहे. ते दिवस सहलीत न घालवता सुताराकडे, पोस्टात, बँकेत, ग्रामपंचायतीत कामाला लावावेत. आणि शिक्षकांकडून हे सारे मागताना सर्वेक्षणांचे आणि रोज ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे आधी उतरवावे. वेळ नसलेला शिक्षक मुलांना चुकू देऊ शकत नाही, तो उत्तर सांगून मोकळा होतो.

धोरण बदलेपर्यंत पालकांनी थांबायचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. बैठकांत पोषण आहार आणि बांधकाम यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना एक प्रश्न जरूर विचारा: आमची सातवीतली मुले घरचे लाईट बिल वाचून समजावून सांगू शकतील का? उत्तर 'नाही' असेल, तर कोणत्या महिन्यापर्यंत सांगू शकतील, ते इतिवृत्तात लिहून घ्या.