नेमप्लेट नसलेली माणसं

सौदी अरेबियातल्या आमच्या यान्बूत एकही बोल्ट अंदाजाने आवळला जात नाही. फ्लँज कितीचा, बोल्ट कसला, टॉर्क किती, हे सगळं कागदावर असतं आणि सही झाल्याशिवाय पान्ह्याला कुणी हात लावत नाही. १९७५ साली जुबैल आणि यान्बूसाठी रॉयल कमिशन स्थापन झालं. तेव्हापासून या किनाऱ्यावर जे जे उभं राहिलं, म्हणजे रिफायनऱ्या, पेट्रोकेमिकलचे कारखाने, अबकैकहून सुमारे बाराशे किलोमीटर वाळवंट ओलांडून तेल आणणारी पाइपलाइन, ते सगळं एकाच शिस्तीवर चालतं. नेमप्लेटवर जी क्षमता कोरली आहे तिच्यापलीकडे यंत्राला न्यायचं नाही. क्रेनची बूम लांबवली की तिची उचलायची ताकद झपाट्याने घटते, म्हणून ऑपरेटर लोड चार्ट बघतो आणि ‘होणार नाही’ म्हणतो. त्याबद्दल त्याला कुणी बायल्या म्हणत नाही.

हे सगळं ज्यांच्या सहीने चालतं ती आमची मराठी मंडळी थंडीच्या दिवसांत शुक्रवारी पहाटे गोल्फच्या बॅगा डिकीत टाकतात आणि दोन तास दक्षिणेला, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या रॉयल ग्रीन्सवर जातात. मीही जाते. पहिल्या होलपाशी पोचलं की यांचं सगळं इंजिनिअरिंग बग्गीतच राहतं. छाती पुढे काढून हे गृहस्थ सर्वांत मागच्या टीकडे चालू लागतात.

ज्यांना गोल्फशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. प्रत्येक होलवर चेंडू पहिल्यांदा मारायच्या चार-पाच जागा, म्हणजे टी, आखलेल्या असतात, एकीच्या पुढे एक, वेगवेगळ्या रंगांच्या खुणांच्या. सर्वांत मागची जागा व्यावसायिकांची. तिथून १८ होलांचा कोर्स सात हजार यार्डांच्या घरात जातो. सर्वांत पुढून तोच कोर्स पाच हजारांवर येतो. कुठून मारायचं हे खेळाडूने ठरवायचं असतं, आणि सगळा घोटाळा त्या ‘ठरवायचं’मध्ये आहे.

ठरवायला लागतं काय? एकच आकडा. तुमचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला फटका, सरासरी किती यार्ड जातो. हा आकडा आमच्या एकाही पुरुषाला ठाऊक नाही. विचारा, छातीठोक उत्तर येईल, ‘दोनशे चाळीस.’ तो चाळीस कुठून आला, तर तीन वर्षांपूर्वी एकदा वायव्येचा वारा पाठीशी होता, चेंडू बग्गीच्या काँक्रीटच्या रस्त्यावर आपटला आणि घरंगळत गेला. त्याची सरासरी नाही काढली, त्याची दंतकथा केली. कंपनीत हाच माणूस कनिष्ठ इंजिनिअरने एका रीडिंगवरून ट्रेंड काढला तर त्याला सगळ्यांसमोर सोलून काढतो.

खरा आकडा मी सांगते, कारण बग्गीवरच्या जीपीएसला लाजलज्जा नसते. १८५ ते १९५. यात कमीपणा काहीच नाही. गोल्फच्या जागतिक नियामक संस्थांनी, आर अँड ए आणि यूएसजीए यांनी, हौशी पुरुष खेळाडूंचं मोजमाप करून काढलेली सरासरीच सव्वादोनशेच्या अलीकडे आहे, २१५-२१६ यार्डांच्या आसपास. आणि त्यांत विशीतली पोरंही आली. पन्नाशी ओलांडलेला, दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसणारा, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेणारा माणूस १९० मारत असेल तर उत्तम मारतो. फक्त ४४० यार्डांच्या होलवर त्या १९०चं काय होतं ते पाहावं.

मी ते दर आठवड्याला पाहते. पार चार, म्हणजे चार फटक्यांत आटपायचं होल. मागच्या टीवरून ४४०. पहिला फटका चांगला बसला, १९०. उरले २५०. दुसरा फटका, हातात तीन नंबरचं वुड, चेहऱ्यावर निर्धार, गेला १६५. उरले ८५. तिसरा ग्रीनच्या अलीकडे पडला, चौथा ग्रीनवर, मग भोकाकडे ढकलायचे दोन पट. सहा. हे सगळं सुरळीत झालं तर. सुरळीत होत नाही, कारण वाळवंटातल्या कोर्सवर टी आणि फेअरवे यांच्या मध्ये बऱ्याचदा उघडी वाळू आणि झुडपं असतात, आणि मागून मारलेला १९०चा चेंडू नेमका त्या पट्ट्याच्या काठावर मरतो. मग शोधाशोध. २०१९च्या नियमांनी शोधायची वेळ पाचवरून तीन मिनिटांवर आणली, पण आमच्याकडे ‘इथेच पडला होता, मी पाहिला’ या वाक्याला घड्याळ लागू होत नाही.

आता तेच होल पुढच्या टीवरून ३३०. फटका तोच, १९०. उरले १४०. हातात पाच किंवा सहा नंबरचं आयर्न, समोर ग्रीन दिसतंय, उजवीकडे बंकर आहे, वारा आहे, विचार करायला काहीतरी आहे. इथे गोल्फ सुरू होतो. जो बंकर कोर्स आखणाऱ्याने तुमच्या चुकीसाठी खणला, तो मागून खेळणाऱ्याला कधी लागतच नाही. तिथपर्यंत त्याचा चेंडू पोचतच नाही! आणि हेच लोक मला म्हणतात की पुढून कोर्स सोपा होतो, मजा येत नाही. अहो, तुम्ही कोर्स बघितलाय कुठे? तुम्ही वाळू बघितली आहे.

यावर उपाय कुणाला सुचला नाही असंही नाही. अमेरिकेत बार्नी अ‍ॅडम्स नावाच्या गोल्फ क्लब बनवणाऱ्या उद्योजकाने हा विषय लावून धरला आणि २०११ साली पीजीए ऑफ अमेरिका आणि यूएसजीए यांनी ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची मोहीम काढली. सोबत सरळ तक्ता दिला. ड्राइव्ह २५० असेल तर ६,२०० ते ६,४०० यार्डांचा कोर्स खेळा, २२५ला ५,८०० ते ६,०००, २००ला ५,२०० ते ५,४००, १७५ला ४,४०० ते ४,६००. सात हजार कुणी खेळावा? ज्याचा ड्राइव्ह पावणेतीनशेच्या पुढे जातो त्याने. हा लोड चार्टच आहे. मी तो छापून आमच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल तीन अंगठे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मागची टी.

कारणं काय देतात तेही ऐका. पहिलं, ‘इथूनच डस्टिन जॉन्सन मारतो.’ खरंय. २०१९ साली रॉयल ग्रीन्सवर पहिली सौदी इंटरनॅशनल झाली ती त्याने जिंकली, २०२१ला पुन्हा जिंकली. २०२२ला हॅरोल्ड वार्नरने शेवटच्या होलवर ९२ फुटांवरून पट घातला आणि स्पर्धा खिशात टाकली, तो व्हिडिओ आमच्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर आहे. म्हणून काय? जॉन्सन तीनशेच्या वर मारतो. सात हजार यार्ड त्याला जसे वाटतात तसे तुम्हाला वाटायला हवे असतील तर तुम्ही पाच हजारांच्या अलीकडूनच खेळायला हवं. त्रैराशिक आहे, सातवीचं.

दुसरं कारण अस्सल आपलं. ‘फी तेवढीच दिलीये, मग अख्खा कोर्स का सोडायचा?’ लग्नाच्या पंगतीत आहेराची रक्कम जिलेब्यांत वसूल करणाऱ्या मामांची ही नातवंडं. पैसे वसूल व्हायचे ते यार्डांत मोजून नव्हे. आणि तसंच मोजायचं म्हटलं तरी तुम्ही मागून १२० फटके मारता, त्यातले निम्मे वाळूत. वसूल काय केलंत, वाळू?

तिसरं कारण जरा बरं आहे, म्हणून त्याला थांबून उत्तर देते. ‘अदिती अशोक बघा. तिचा ड्राइव्ह छोटा, तरी टोकियोत चौथी आली.’ बरोबर. ऑलिंपिकच्या त्या मैदानात अंतराच्या यादीत ती अगदी तळाशी होती आणि पदक एका फटक्याने हुकलं. पण ते कशाच्या जोरावर, हे सांगायचं राहून जातं. तिच्या पटिंगच्या जोरावर. लांबून आलेल्या प्रत्येक दुसऱ्या फटक्याची भरपाई ती ग्रीनवर करत होती. तुम्ही चार फुटांवरून तीन पट घेता आणि चौथा ‘दिला’ म्हणून उचलता. अदितीचं नाव घेण्याआधी निदान तो चेंडू भोकात घालून दाखवा. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकला खेळला म्हणून पुण्यात फ्लॅट असलेल्या सगळ्यांना मागच्या टीचा वारसाहक्क मिळतो, असा एक पोटप्रकारही आमच्याकडे आहे. त्याला उत्तर देत नाही.

हँडिकॅप, म्हणजे कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट, बिघडेल ही भीती तर निव्वळ अडाणीपणाची आहे. २०२०पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली आणि तिच्यात प्रत्येक टीला स्वतःचं रेटिंग आणि स्वतःचा स्लोप, असे अवघडपणाचे दोन आकडे असतात. समजा तुमचा हँडिकॅप इंडेक्स २२. मागच्या टीचं रेटिंग ७४, स्लोप १३५, पार ७२ धरला तर तुम्हाला २८ फटके मिळतील. पुढच्या टीचं रेटिंग ६७.५, स्लोप ११८ असेल तर १८ मिळतील. दहा फटक्यांचा फरक गणिताने आधीच कापून घेतला. चार जण चार वेगवेगळ्या टींवरून खेळून एकाच जेवणाची पैज लावू शकतात, हीच तर या खेळाची खरी हुशारी. याच पद्धतीत साधारण २०च्या हँडिकॅपचा पुरुष २०० यार्ड मारतो असं गृहीत धरून कोर्स मोजले जातात. म्हणजे तुमची नेमप्लेट नियमपुस्तकात छापलेली आहे. वाचायची नाही एवढंच.

मला राग येतो तो यांच्या स्कोअरचा नव्हे. माझ्या सकाळचा येतो. एका माणसाचे मागून १२ फटके वाढले, चौघांचे झाले ४८. नियमांत एका फटक्याला ४० सेकंदांत आटपा अशी शिफारस आहे. ती पाळली, जी कुणी पाळत नाही, तरी ३२ मिनिटं झाली. शिवाय शोधाशोध, शिवाय ‘एक मिनिट हं, अजून एक मारतो’. मागे उभे असलेले चार जण बग्गीत घड्याळ बघत बसतात, मार्शल दोनदा येऊन जातो, ऊन चढतं. एका कोरियन गटाने एकदा आमच्या मागे तीन होल वाट पाहिली. तोंडातून शब्द काढला नाही, फक्त प्रत्येक टीवर चौघंही उतरून रांगेत उभे राहायचे. मी बग्गीच्या फरशीकडे बघत होते. आमचे साहेब सराव स्विंग घेत होते. चौथा.

सुट्टीवर महाराष्ट्रात गेलं की याची दुसरी बाजू दिसते. तिथे कॅडी असतो. पहिल्या दोन फटक्यांत त्याला सगळं कळलेलं असतं, साहेब कुठल्या टीचे आहेत ते साहेबांच्या डॉक्टरपेक्षा त्याला जास्त ठाऊक. पण तो बोलणार नाही, ‘वारं समोरचं होतं साहेब’ म्हणेल, कारण अठराव्या होलवर पाकीट साहेबांच्या खिशातून निघायचं आहे. अशी वीस वर्षं कुणी वारं समोरचं असल्याचं सांगितलं की माणूस यान्बूत येऊन मागच्या टीवर उभा राहणारच.

न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक कोर्सवर पहिल्या टीपाशी पाटी आहे, की हा कोर्स अत्यंत अवघड आहे आणि फक्त निष्णात खेळाडूंनीच इथे खेळावं असा आमचा सल्ला आहे. लोक त्या पाटीशेजारी फोटो काढतात आणि खेळायला जातात. म्हणून पाट्यांवर माझा विश्वास नाही. क्लबांनी रंगच काढून टाकावेत. काळा, निळा, पांढरा, लाल हे सगळं बंद. स्कोअरकार्डावर नुसतं लिहावं, ‘ड्राइव्ह २०० : इथून’. आणि काउंटरवर जीपीएसचे मागचे दहा फटके दाखवल्याशिवाय मागच्या टीची किल्ली देऊ नये. कारखान्यात परमिट लागतं, इथे का नको?

राहिला मूळ दुखण्याचा प्रश्न. पुढच्या टीला आमच्या गटात ‘वहिनींची टी’ म्हणतात. मी आणि आणखी दोघीजणी तिथून खेळतो, म्हणून. कुणी एक चुकून दमला आणि पुढे आला तर दिवसभर, ‘काय वहिनी, पदर सांभाळा.’ बावन्न वर्षांच्या, दोन मुलींच्या बापांचा हा विनोद. रेटिंग पद्धतीत कुठलीही टी बाईची किंवा पुरुषाची नसते. तीच टी दोघांसाठी वेगवेगळी मोजता येते. आणि एक आकडा यांना कधीच पचत नाही. व्यावसायिक महिला खेळाडू सरासरी अडीचशेच्या वर मारतात, आणि त्यांच्या स्पर्धा साधारण ६,२०० ते ६,६०० यार्डांवर होतात. २०२० साली याच रॉयल ग्रीन्सवर झालेली सौदी लेडीज इंटरनॅशनल एमिली पेडरसन जिंकली. तिच्यापेक्षा साठ यार्ड कमी मारणारा माणूस तिच्यापेक्षा मागे जाऊन उभा राहतो आणि बायकांची टी म्हणून हसतो.

तर माझा प्रस्ताव असा आहे, भाऊजी. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनी वहिनींच्या टीवरून यायचं. हँडिकॅप नाही, ‘दिला’ नाही, दुसरा चेंडू नाही, प्रत्येक पट भोकात. जो आम्हा तिघींपैकी एकीलाही हरवेल त्याने पुढचा सबंध मोसम खुशाल मागून खेळावं, मी पाणी घेऊन मागे उभी राहीन. आणि हरलात तर परतीच्या वाटेवर कब्सा तुमच्याकडून, बकऱ्याचा, कोंबडीचा नाही.