‘संवाद साधा’ म्हणणाऱ्यांना



गावात काही झालं की तालुक्याला शांतता समितीची बैठक लागते. शिरूर असो, दौंड असो, बैठक सारखीच. पुढच्या रांगेत कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागच्या रांगेत आपण. चहा येतो. मग एक जण उठतो आणि म्हणतो, “दोन्ही समाजांत संवाद वाढला पाहिजे, संवाद नाही म्हणून गैरसमज होतात.” टाळ्या. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा, सणसवाडीत दगड पडले, गाड्या जळाल्या, त्यानंतरही हेच औषध वाटलं गेलं. जणू दगड म्हणजे नीट ऐकू न आलेलं वाक्य!

आमचा सवाल साधा आहे. गावात संवाद कधी नव्हता?

अरे, या गावाचं सगळं बोलणं आमच्या बापजाद्यांच्या पायांवर चालत होतं. पाटलाचा निरोप महारानं न्यायचा. सरकारी थैली पुढच्या गावाला महारानं पोचवायची. कोणाच्या घरी मयत झाली तर दहा कोस उन्हातान्हात तो सांगावा महारानं न्यायचा, पायात वहाण असो-नसो. दवंडी महारानं द्यायची. टपाल आम्ही, तार आम्ही, भोंगा आम्ही. शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष शेवटची मानायचे. तो सांगेल तिथून हद्द. म्हणजे जमिनीबद्दल त्याचा शब्द खरा, आणि त्या जमिनीवर उभं राहून तो स्वतःबद्दल बोलला की खोटा. गावाचं तोंड तो होता, पण त्याच्या तोंडाला गाव नव्हतं. हे सगळं वतनाच्या नावाखाली चाललं होतं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ते वतन कायद्याने जायला 1958 चा कायदा यावा लागला, बाबासाहेब गेल्यानंतर.

तेव्हा संवाद होता. भरपूर होता. प्रश्न त्याच्या उंचीचा आहे.

कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतात. सोस्यूर नावाच्या स्विस पंडिताचं पुस्तक त्याच्या मरणानंतर 1916 साली विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून निघालं. त्यात एक चित्र आहे. दोन डोकी समोरासमोर. एकाच्या तोंडातून रेघ निघते, दुसऱ्याच्या कानात जाते. त्याच्या तोंडातून निघते, पहिल्याच्या कानात येते. झालं बोलणं. छान चित्र आहे. फक्त दोन्ही डोकी एका पातळीवर काढलेली आहेत. त्या चित्रकाराला चावडी माहीत नव्हती. चावडीवर एक डोकं ओट्यावर आणि दुसरं खाली धुळीत, तेही वाकलेलं. रेघ वरून खाली येते ती हुकूम म्हणून, खालून वर जाते ती ‘व्हय जी’ म्हणून. आता या ‘व्हय जी’ला पंडित प्रतिसाद म्हणतील. म्हणोत बापडे.

बाहेरच्याच दोघा अभ्यासकांनी, ब्राऊन आणि गिलमननी, 1960 साली एक कामाची गोष्ट मांडली. युरोपातल्या भाषांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ कसे वापरतात ते त्यांनी तपासलं. ‘तू’ला ‘तू’ परत मिळत असेल तर ती जवळीक. ‘तू’ला ‘तुम्ही’ परत द्यावं लागत असेल तर ती सत्ता. शब्द तोच, पण परतफेडीवरून त्याचा अर्थ ठरतो. हे कळायला आपल्याला हार्वर्डला जायची गरज नव्हती म्हणा. साठ वर्षांच्या आपल्या म्हाताऱ्याला पाटलाचं शेंबडं पोर “कुठं निघाला रं सख्या” म्हणायचं आणि म्हातारा त्याला “शिवारात चाललोय जी धाकलं धनी” म्हणायचा, हे ज्यानं पाहिलं त्याला सिद्धांत पाठ आहे.

म्हणून ‘जोहार’ आणि ‘जयभीम’ यांतला फरक नुसता शब्दाचा नाही. जोहार खालून वर जायचा. जोहाराला जोहार कधी परत आला नाही. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी जयभीम रूढ केला आणि पहिल्यांदा आपल्याला असा शब्द मिळाला की ज्याची पुरी परतफेड होते. तू जयभीम म्हण, मी जयभीम म्हणतो, हिशेब चुकता. आज गावात काहींना जयभीम ऐकून कपाळाला आठ्या पडतात, ते धर्माचं कारण सांगतात. खरं कारण धर्माचं नाही. त्यांना जोहाराची सवय आहे.

आता मराठीची गंमत बघा. मराठीत उंची सांगितल्याशिवाय समोरच्याला हाक मारता येत नाही. ‘ये’ म्हणा नाहीतर ‘या’ म्हणा, क्रियापदच तुमची जात उघडी करतं. मग वस्तीतला पोरगा शिकून तहसीलला कारकून झाला, बँकेत लागला, रांजणगावच्या एमआयडीसीत सुपरवायझर झाला, आणि सुट्टीला गावात आला की पारावरच्यांची पंचाईत होते. ‘आलास का’ म्हणावं तर त्याच्या अंगावर पँट-शर्ट, खिशात पेन. ‘आलात का’ म्हणावं तर जीभ वळत नाही, पिढ्यान् पिढ्यांचा पीळ आहे तिला. मग काय म्हणतात? “केव्हा येणं झालं?” “काय, कसं चाललंय?” “जेवण झालं का?” कर्ताच गायब! माणूस आला नाही, येणं झालं. आपल्याला ‘तुम्ही’ देण्यापेक्षा त्यांनी व्याकरणातून माणूसच काढून टाकला. पोरांनो, याला आदर समजून खूश होऊ नका. जेवण झालं का हे कोणीही कोणाला विचारतं, मला मान्य आहे. पण तोच माणूस त्याच पारावर दुसऱ्याला ‘या अण्णा, बसा’ म्हणतो आणि तुमच्या वेळेलाच त्याचा कर्ता हरवतो, तेव्हा नीट कान द्या.

दौंड स्टेशनावर मात्र हे चालत नाही. मनमाडकडची गाडी, सोलापूरकडची गाडी, चारी दिशांची माणसं. कोण कुठल्या आळीचा कोणाला ठाऊक? तिथं तिकिटाच्या रांगेत आपल्या माणसाला फुकट ‘तुम्ही’ मिळतं. पाच कोसांवर गावात जे चार पिढ्यांत मिळालं नाही ते फलाटावर पाच मिनिटांत मिळतं. बाबासाहेब ‘शहराकडे चला’ का सांगत होते याची आर्थिक कारणं आपण भाषणात सांगतो, हे कारणही सांगत जा.

दुसरी युक्ती ‘आपण’ची. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. शांतता समितीत ऐका. “आपण सगळे एका गावचे, आपणच वाद मिटवू, आपण पोलिसात जायचं नाही.” खटला मागे घ्यायला ‘आपण’. आणि गायरानावर आपल्या माणसानं दोन पाभरी टाकल्या की? “आम्ही तिथं गुरं चारतो.” देवळाचा विषय निघाला की? “आमची यात्रा.” तक्रारीत आपल्याला आत घेतात, वाट्यात बाहेर ठेवतात. बैठकीत वही घेऊन बसा आणि ‘आपण’ किती वेळा, ‘आम्ही’ किती वेळा, रेघोट्या ओढा. इतिवृत्तापेक्षा जास्त कळेल.

आणि आपली भाषा अशुद्ध म्हणणारे आहेतच. ‘आनि’ म्हणालं की मास्तर हसतात, पोरगं वर्गात पुन्हा तोंड उघडत नाही. शिरूरशेजारच्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरच्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 ला आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांना त्यातल्या कैक शब्दांचे अर्थ माहीत नव्हते, आणि त्यांनी ते सरळ कबूल केलं. तेव्हा न समजणं दोन्हीकडून असतं. फक्त आमचं न समजणं अडाणीपणा ठरतं आणि त्यांचं न समजणं प्रस्तावना.

बोलणं म्हणजे नुसती हवा नाही, कृती आहे, हे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने मानलं. जातीवरून केलेला अपमान गुन्हा ठरला. पण तो लोकांच्या नजरेसमोर झालेला हवा. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 च्या निकालात सांगितलं. म्हणजे उसाच्या फडात, गोठ्यात, मुकादमाच्या खोलीत एकटा सापडलेला आपला माणूस पुन्हा शिवेवरच. म्हणून फिर्याद देताना ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्यावर सही करू नका. कोणता शब्द, कुठं उभं राहून, किती वाजता, ऐकायला कोण कोण होतं, सगळं पहिल्याच जबाबात लिहून घ्या. शब्द घाणेरडा असला तरी जसाच्या तसा. ठाणे अंमलदार लाजला तर लाजू द्या.

संक्रांतीला ‘गोड बोला’ सांगणाऱ्यांनी बुद्धाचंही नाव घ्यायला सुरुवात केलीय. सम्यक वाचा म्हणजे म्हणे गोड, मृदू बोलणं. अर्धंच सांगतात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ काढा. बाबासाहेबांनी तिथं स्पष्ट केलं आहे की सम्यक वाचा भीतीवर किंवा मेहेरबानीवर अवलंबून नसते; वरच्याला काय वाटेल, आपलं काय नुकसान होईल, याच्याशी तिचा संबंध नाही. या अर्ध्यावर शांतता समितीत कोणी चहा पाजत नाही.

आता थोडं घरात. बाहेर ‘तुम्ही’साठी भांडणारा आपला कार्यकर्ता घरी आला की ‘ए, पाणी आण’ म्हणतो, आणि ती ‘अहो’ म्हणते. परतफेड कुठं आहे? मातंग वस्तीत सभेची वर्गणी मागायला जातो तेव्हा त्याच्याही तोंडून ‘काय रं’ निघतो आणि समोरून ‘दादा’ येतो. चावडी गावात पाडायची आणि तिचा ओटा आपल्या दारात बांधायचा, असं चालणार नाही. येत्या 14 एप्रिलला माईक पहिल्यांदा बायांच्या हातात द्या. आभार मानायला नको, अध्यक्षीय भाषणाला. त्या मोठ्यानं बोलल्या, लांबलं, रडल्या, नवऱ्याचं नाव घेऊन बोलल्या तरी मधे चिठ्ठी पाठवू नका.