पहिल्या मरतुकीपासून चोवीस तास

नागपूर जिल्ह्यात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकासाठी हा इशारा आहे. परसात दहा गावरान कोंबड्या असोत की शेडमध्ये दोन हजार ब्रॉयलर, पक्षी एकाएकी पडायला लागले की चोवीस तासांच्या आत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवा, नाहीतर १९६२ वर फोन करा. खबर दिल्यापासून डॉक्टर येऊन पाहीपर्यंत तुमच्या दारातून एकही कोंबडी, एकही अंडं, एकही रिकामं डालगं बाहेर जाता कामा नये. आठवडी बाजारात नाही, ढाब्यावर नाही, लेकीच्या सासरीही नाही.

कोंबड्या मेल्या की गावात कोणाला नवल वाटत नाही. मर लागली म्हणायचं, उरलेल्या झाकायच्या, पुढल्या हंगामात पुन्हा पिल्लं आणायची, ही सवय जुनी आहे आणि ती आता सोडावीच लागेल. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, कोंबडी जशी मरते तशीच बर्ड फ्लूतही मरते. तुरा निळा-जांभळा पडतो, डोकं सुजतं, हिरवट पातळ हगवण लागते, अंडी बंद होतात आणि कित्येकदा यातलं काहीच न दिसता सकाळी खुराड्यात नुसत्या मेलेल्या कोंबड्या सापडतात. पाहून निदान तुम्हाला करता येत नाही, डॉक्टरलाही येत नाही. नमुने तपासावे लागतात आणि शेवटचा निकाल भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतून येतो. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात जानेवारीच्या अखेरीपासून पक्षी मरत होते आणि सगळे राणीखेत समजून चालले होते. बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं १८ फेब्रुवारीला. देशातला तो पहिला उद्रेक. तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि २०२१ मध्ये त्याच नवापुरावर पुन्हा तीच पाळी आली.

नवापूर दूर आहे असं समजून इथे कोणी निश्चिंत राहू नये. मार्च २०२४ मध्ये खुद्द नागपूर शहरात, सेमिनरी हिल्सच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात हा रोग निघाला. साडेआठ हजारांच्या आसपास कोंबड्या मारल्या गेल्या, सोळा हजारांवर अंडी नष्ट केली. जिथे कुक्कुटपालनाची जाण असलेली माणसं रोज कामाला असतात त्या ठिकाणी विषाणू शिरतो, तर आपल्या तट्ट्याच्या खुराड्याला तो काय जुमानणार? त्याच वर्षी डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत भोपाळचा अहवाल आला, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूच. त्या जानेवारीत आपल्याला लागून असलेल्या छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला.

वाघ गेले त्याचं मला अपार दुःख आहे. पेंचच्या कडेला, पारशिवनी-रामटेकच्या जंगलालगत राहणाऱ्यांना म्हणून वेगळं बजावतो. मेलेली कोंबडी रानाकडेला फेकलीत, तर रात्री ती कोणाच्या तोंडी जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. कोल्हा नेईल, रानमांजर नेईल, गावातला कुत्रा तोंडात धरून चार घरं फिरवेल. मेलेले पक्षी नाल्यात, नदीत, उकिरड्यावर टाकायचे नाहीत. कापून आत काय झालंय ते पाहायचं नाही. उघड्या हाताने उचलायचं नाही. तोंडाला फडकं, हातात पिशवी, आणि डॉक्टर सांगतील तिथे खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरायचे. लहान पोरांना आणि मांजरांना खुराड्यापासून लांब ठेवायचं. पाणपक्षी उतरतात त्या तलावावर हिवाळ्यात बदकं, कोंबड्या सोडायच्या नाहीत. थंडीत विष्ठेमध्ये हा विषाणू कित्येक आठवडे जिवंत राहतो.

माणसाला तो सहजी लागत नाही, हे खरं आहे. पण लागला की फार वाईट लागतो. २००३ पासून जगभरात नोंद झालेल्या एच५एन१ च्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे मेले. मार्च २०२५ मध्ये आंध्रातली दोन वर्षांची मुलगी गेली. कच्च्या कोंबडीचा तुकडा तिच्या तोंडात गेला होता. नीट शिजवलेलं चिकन आणि उकडलेलं अंडं खायला काहीच हरकत नाही, सत्तर अंशांवर विषाणू मरतो. त्यामुळे मोबाइलवर भीती पसरवून गरिबाचा धंदा बुडवणाऱ्यांनीही हा इशारा स्वतःसाठी समजावा. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, कापणाऱ्याला, पिसं काढणाऱ्याला. आपल्याकडे ही कामं बहुतेक बायाच करतात.

लोक का लपवतात, हे मला ठाऊक आहे. चांगला गावरान कोंबडा बाजारात पाचशेच्या पुढे जातो. २०२१ च्या उद्रेकात सरकारने ठरवलेली भरपाई होती आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला ७०, अंड्याला ३. ज्या बाईच्या घरात किराणा आणि पोराची फी त्याच कोंबड्यांवर निघते, तिला हा हिशेब कसा पटावा? नाहीच पटत. तरीही मी तिला सांगतो, ताई, लपवू नकोस, कारण पैसे मिळतात ते पथकाने मारलेल्या पक्ष्यांचे. आधीच मेलेल्यांचे मिळत नाहीत. चार दिवस वाट पाहिलीस तर खुराडंही रिकामं होईल आणि हातात कागदही येणार नाही. शिवाय बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत बसते. या रोगावर आपल्याकडे कोंबड्यांना लस देण्याचं धोरण नाही, मारणं हाच उपाय चालतो. तू लवकर बोललीस तर एक गाव सुटेल. उशीर केलास आणि रोग पुढच्या दोन गावांत गेला, तर तिथल्या बायांच्या कोंबड्याही तुझ्या गप्प बसण्याने जातील.

मरतुक लागल्याचं कळूनही उरलेला माल पडत्या भावात उचलणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र मला एवढं समजून घ्यायचं नाही. मोटारसायकलला पिंजरे लटकवून एका दिवसात पाच गावं करणारा माणूस हा रोग उडत्या पाखरापेक्षा जलद पोचवतो. पिंजरा, ट्रे, चाकं, चपला, सगळ्याला विष्ठा लागलेली असते. असा सौदा ज्याच्या दारात होईल त्याने गाडीचा नंबर टिपावा आणि खबर देताना तोही द्यावा. संसर्गजन्य पशुरोगांचा २००९ चा केंद्रीय कायदा रोगाची खबर देणं आणि आजारी जनावर वेगळं ठेवणं मालकावर बंधनकारक करतो. खबर न देणं हा गुन्हा आहे.

मालक चोवीस तासांत बोलला नाही तर पंचविसाव्या तासाला शेजाऱ्याने फोन करावा. याला चुगली म्हणू नये आणि कोणी म्हटलंच तर ऐकून घ्यावं.

आता जिल्हा प्रशासन आणि पशुसंवर्धन खात्याला. कोंबडीपालकाला चोवीस तास दिले, तुम्हाला ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत आहे. त्या दिवसाच्या आत जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर चार गोष्टी मराठीत, ठळक अक्षरांत लागल्या पाहिजेत: त्या गावाला जोडलेल्या पशुवैद्यकाचं नाव आणि नंबर, आज लागू असलेले भरपाईचे दर, पैसे किती दिवसांत खात्यात जमा होतील ती मुदत, आणि कराराने ब्रॉयलर वाढवणाऱ्याला काय मिळणार ते. पिल्लं कंपनीची, शेड, वीज आणि घाम शेतकऱ्याचा. महिनोन्‌महिने शेड रिकामी पडली तर त्याने काय खायचं, याचं उत्तर उद्रेक झाल्यावर शोधत बसू नका. ज्या गावच्या दवाखान्यात पशुवैद्यकाचं पद रिकामं आहे, त्या गावाला कोण येणार हे फलकावर लिहावं. पथकासाठी चुना, पीपीई किट आणि खड्डा खणायला यंत्र कुठून येणार हेही आधीच ठरवून ठेवावं. पक्षी मरत असताना निविदा काढायची नसते.

फलक लागला नाही, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पहिला ठराव याच विषयाचा येईल आणि फलक का लागला नाही याचं लेखी उत्तर मागितलं जाईल. हिवाळी उद्रेकाचा तो ऐन काळ असतो. हिंगणा, उमरेड, कुही, मौदा, काटोल, जिथे जिथे बचत गटांनी कोंबड्या पाळल्या आहेत तिथल्या बायांनी तो ठराव आजच लिहून ठेवावा.