खोकल्यावर मध चालतो, मग बाळाला का नको? आजीच्या बटव्याबद्दल विज्ञान काय सांगते

पावसाळा आला की घराघरांत खोकल्याची ढास सुरू होते आणि फॅमिली ग्रुपवर काढ्याच्या रेसिपी फिरू लागतात. त्यातले काही उपाय खरेच कामाचे आहेत, काही निरुपद्रवी, तर काही धोक्याचे. पंचाईत अशी, की एकच पदार्थ एकासाठी औषध आणि दुसऱ्यासाठी विष ठरू शकतो. मधाचे तसेच आहे.

1 वर्षावरील मुलांना खोकल्यात मधाने काहीसा आराम पडतो, असे 2018 च्या कोक्रेन आढाव्यात आढळले. पण 1 वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून नसा लुळ्या करणारे विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, दूध ओढता येत नाही, रडणे क्षीण होते, मान सैल पडते. आजार दुर्मिळ आहे. पण श्वासाचे स्नायू निकामी झाले तर बाळ दगावू शकते. मध ‘शुद्ध, गावाकडचा’ असला तरी धोका टळत नाही आणि घरी उकळून बीजाणू मरत नाहीत. जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची आणि मधात गुटी उगाळण्याची प्रथा म्हणूनच थांबायला हवी.

हळदीचा दबदबा मोठा. अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचे पेटंट 1995 मध्ये दिले गेले. भारताच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. तो अभिमान रास्तच. पण त्या लढाईत सिद्ध झाले ते एवढेच, की हे ज्ञान जुने आहे. हळद किती गुणकारी, हा प्रश्न तिथे नव्हताच. हळदीतले कर्क्युमिन जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास असते आणि तेही शरीरात फारसे शोषले जात नाही. हळदीचे दूध जरूर प्यावे, गरम दुधाने घशाला बरे वाटते. मात्र त्यासाठी डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत.

भाजल्यावर तर हळद, टूथपेस्ट, तूप, शाई यांपैकी काहीच लावू नये. जखम झाकली जाते, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि डॉक्टरांना ते सगळे आधी पुसावे लागते. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. बर्फ नको. सर्दीत वाफ घेताना पातेले कलंडून मुले भाजतात, तेव्हाही हेच करावे.

आता साधे मीठ-साखरेचे पाणी. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे द्रावण रुग्णांना पाजले. मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3-4 टक्क्यांवर आला. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन शोषली जाते आणि पाठोपाठ पाणी आत येते, हे त्यामागचे गणित. जुलाब सुरू झाल्यास ओआरएसचे पाकीट उत्तम. ते नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अंदाजाने टाकू नये, जादा मीठ लहान मुलांना घातक ठरते. मूल मलूल झाले, लघवी थांबली किंवा शीतून रक्त गेले, तर द्रावण पाजत थेट रुग्णालय गाठावे.