जुने संगणक, नवी कार्यप्रणाली आणि आपल्या पेढ्या

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीपूजन करण्याची आपली रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अलीकडे वहीच्या शेजारी ठेवलेल्या संगणकालाही कुंकवाचे बोट लागते. पांढुर्णा व सौंसर येथील बहुतेक पेढ्यांवर हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. सन २०२५ च्या दिवाळीत मात्र या पूजेला एक विलक्षण पार्श्वभूमी लाभली होती. ज्या यंत्रांना आम्ही हळदकुंकू वाहिले, त्यांतील कित्येकांच्या कार्यप्रणालीने जेमतेम आठवडाभर आधी आपला निरोप घेतला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय तिने ठेवली. पण ती केवळ मुदतवाढ होय.

व्यापारीबंधूंना येथे एक तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो. आपल्यापैकी पुष्कळांनी पहिला संगणक अथवा लॅपटॉप घेतला तो वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, म्हणजे १ जुलै २०१७ च्या आगेमागे. पुढे २०२१ साली विंडोज ११ आली. तिने ४ जीबी स्मृती, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चकती आणि ठराविक पिढीपुढचे प्रोसेसर अशा अटी घातल्या. इंटेलच्या बाबतीत ही रेषा ढोबळमानाने आठव्या पिढीवर ओढली गेली, आणि ती पिढी बाजारात येऊ लागली २०१७ च्या ऑगस्टअखेरीस. जुलैत कराच्या घाईने ज्यांनी यंत्र घेतले, ते थोडक्यात रेषेच्या अलीकडे राहिले! यंत्राचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, पंखा फिरतो. तरीही ते बाद. धान्यात कीड नसताना केवळ पोते जुने म्हणून माल नाकारावा, असाच हा प्रकार आम्हांस वाटतो.

अशा वेळी माणसे दोन वाटांनी जातात. पहिली वाट नवे यंत्र घेण्याची. ज्यांची ऐपत आहे आणि गरजही आहे, त्यांनी ते अवश्य घ्यावे. त्यांच्याशी आमचा वाद नाही. दुसरी वाट आहे ती गप्प बसून जुन्यावरच काम रेटण्याची, अथवा कोणाकडून तरी चोरीची प्रत टाकून घेण्याची. या दुसऱ्या वाटेविषयी आम्ही अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच पेढीवरील यंत्रात एका कारागिराने अशीच एक प्रत बसविली होती. पावती मिळाली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. ऐन अंबिया बहारात, संत्र्याच्या गाड्या दारात उभ्या असताना, एका सकाळी सर्व खाती कुलूपबंद झालेली दिसली आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. पेन ड्राइव्हवर तेरा दिवसांपूर्वीची प्रत होती म्हणून निभावले. ते तेरा दिवस मुनीमजींनी चिठ्ठ्याचपाट्यांवरून पुन्हा उभे केले. दोष त्या प्रतीचाच होता असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरणारी पेढी अचौर्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने करणार, हा प्रश्न त्या रात्री आम्हांस झोपू देईना. वजनात मासाभर कमी न देणारी आपली माणसे संगणकाच्या बाबतीत हे सहज चालवून घेतात, हे खेदाने म्हणावे लागते.

तिसरी वाट आहे, आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. लिनक्स ही कार्यप्रणाली १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली. त्याआधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचा जो खटाटोप मांडला होता, त्यातील साधने तिला येऊन मिळाली. ती कोणीही वापरावी, तपासावी, वाटावी, अशी तिच्या परवान्यातच मुभा आहे. म्हणजे ती फुकट असली तरी चोरीची नव्हे. हा भेद व्यापाऱ्यास निराळा समजावून देण्याची गरज नाही.

तिचे अनेक अवतार आहेत आणि त्यांतील काही मुद्दाम अंगाने हलके केलेले आहेत. लुबुंटू, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, अँटीएक्स, पपी ही त्यांतील काही नावे. मिंटचे कर्ते २ जीबी स्मृती किमान मानतात आणि ४ जीबी असल्यास बरे म्हणतात. पपी तर अवघी काही शे एमबींची. ती पेन ड्राइव्हवरून थेट स्मृतीत उतरते. हलकेपणा येतो कशाने? दिखाऊ सजावट कमी, पाठीमागे न सांगता चालणारी कामे कमी, एवढेच त्याचे इंगित आहे.

एवढ्याशा यंत्रावर काय होणार, अशी शंका येणे साहजिक आहे. २००७ साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग कर्जतजवळील खैरात या खेड्यातील एकशिक्षकी शाळेत झाला होता. मुलांच्या हाती दिलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये अवघी २५६ एमबी स्मृती होती आणि आत लिनक्स. तो उपक्रम देशभर पसरला नाही, हे खरे. परंतु त्या लहानशा यंत्रावर मुले लिहीत होती, चित्रे काढीत होती, छायाचित्रे घेत होती. केरळातील सरकारी शाळांत तर अनेक वर्षे लिनक्सवरच शिक्षण चालू आहे. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही २००७ साली बॉस नावाची देशी आवृत्ती काढली. तेव्हा हे काही चार हौशी तरुणांचे खूळ नव्हे.

आता अडचणी. त्या लपवून माल विकणे आम्हांस मान्य नाही. पहिली आणि मोठी अडचण हिशेबाच्या प्रोग्रामची. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. वाइन नावाच्या मध्यस्थाकरवी ती लिनक्सवर चालविण्याचे प्रयत्न होतात, पण ज्या खात्यावर कराचे विवरण अवलंबून आहे, ते अशा आधारावर सोडावे असे आम्ही कोणासही सुचविणार नाही. कराचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते, आणि एकट्या मालकीच्या अथवा भागीदारीच्या पेढीला मोबाइलवर आलेल्या संकेतांकाने विवरण भरता येते. कंपन्यांना मात्र डिजिटल स्वाक्षरी लागते आणि तिची कांडी लिनक्सवर रुसू शकते. छपाईयंत्रांचेही तसेच: जुने ठिपक्यांचे मुद्रक बहुधा मुकाट चालतात, तर काही लेझर मुद्रक तासन्‌तास घाम काढतात. आणि ब्राउझर! प्रणाली कितीही हलकी असो, आजकालची संकेतस्थळे जड आहेत. २ जीबीच्या यंत्रावर दहा पाने एकदम उघडणाऱ्याने लिनक्सला दोष देऊ नये. फार जुन्या ३२-बिट यंत्रांचे दिवस तर येथेही भरत आले आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी प्रतिष्ठापना देणे बंद केले.

भाषेचा मुद्दा मात्र आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपण घरी मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदीत अर्ज करतो. पांढुर्णा २०२३ साली सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून हे अर्ज काही कमी झालेले नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आपली पत्रे दुसऱ्या यंत्रावर उघडली की चिन्हांचा गोंधळ दिसतो. कित्येक पेढ्यांचा दहा-दहा वर्षांचा पत्रव्यवहार अशा रीतीने आंधळा होऊन पडला आहे. लिनक्सवर युनिकोड देवनागरी आरंभापासून हाताशी असते, इनस्क्रिप्ट कळफलक असतो, आणि रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित हा फॉन्टही असतो. जुनी पत्रे बदलून घ्यावी लागतील. तो त्रास एकदाच.

आमचे मत असे, की प्रत्येक पेढीने हिशेबाचे एक यंत्र परवान्याच्या विंडोजवर, देखभाल चालू असलेल्या आवृत्तीवर ठेवावे आणि उरलेल्यांना लिनक्सवर घ्यावे. पत्रव्यवहार, भावपत्रके, ई-मेल, मुलांचा अभ्यास यांसाठी ती पुरेशी आहेत. कोणती बाजू जिंकली याची गोटमार करण्याचे कारण नाही. जांब नदीकाठी तेवढी एक पुरे.

‘पण बिघडल्यास दुरुस्त कोण करणार?’ हा आक्षेप सौंसरच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्यापुढे ठेवला, आणि सर्व आक्षेपांत तोच आम्हांस खरा वाटतो. आज यासाठी नागपूर गाठावे लागते. तेव्हा संघाने दोन्ही गावी एकेका होतकरू मुलास, शक्य तर मुनिमांच्या घरातील मुलास अथवा मुलीस, हे काम शिकविण्याचा खर्च उचलावा, असा आमचा प्रस्ताव आहे. एका नव्या लॅपटॉपच्या किमतीत ते होईल, अशी आमची अटकळ आहे.

तोवर परीक्षा घेण्यास पैसा लागत नाही. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर प्रणाली उतरवून त्यावरून यंत्र सुरू केले, तर आतील तबकडीस हात न लावता सर्व काही पाहता येते. पटले नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, यंत्र पूर्ववत्. आमच्या पेढीवरील एका जुन्या लॅपटॉपवर आम्ही हेच केले, आणि जुनी तबकडी काढून एसएसडी बसविल्यावर तर मुनीमजींनी स्वतःच चष्मा पुसून घड्याळ पाहिले. त्यांनी एवढेच विचारले, की रोजमेळाचा कागद छापून निघेल ना? निघाला, रेघा थोड्या डावीकडे सरकल्या होत्या.

संघाच्या सभेने संमती दिल्यास एक रविवार ठरवून दोन्ही गावांतील जुनी यंत्रे एका ठिकाणी मांडावीत आणि ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी पाहून ठरवावे. येताना आपल्या नोंदींची एक प्रत वेगळी काढून आणावी. ज्याने ती काढलेली नसेल, त्याच्या यंत्रास आम्ही हात लावणार नाही.